वरच्या रकान्यातला चार

मुलाखतीच्या गुणपत्रकावर सगळ्यात वर एक रकाना असतो: 'प्रथमदर्शनी प्रभाव'. दहापैकी गुण द्यायचे. त्याच्याखाली विषयाचं ज्ञान, मांडणी, अनुभव असे बाकीचे रकाने. काही वर्षांपूर्वी मी एका निवड समितीवर होते. दुपारनंतर एक उमेदवार दार ढकलून आत आला. अंगात पिवळाधमक शर्ट. त्याने नमस्कार केला, खुर्ची ओढली, फाईल मांडीवर ठेवली. तो नीट बसेपर्यंत माझ्या कागदावर वरच्या रकान्यात चार हा आकडा पडलाही होता. त्याने अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत त्याने दिलेली उत्तरं त्या दिवसातली सगळ्यात नेमकी होती. एका प्रश्नाशी तो अडला. "हे मला येत नाही. पण शोधायचं झालं तर मी सुरुवात इथून करेन," असं म्हणून त्याने ती सुरुवात करूनही दाखवली. खालच्या रकान्यांत चांगले आकडे पडत गेले. बेरीज करताना वरचा चार पुन्हा नजरेला आला. हा आपण कशासाठी दिला, असं मी स्वतःला विचारलं तेव्हा शर्टाखेरीज दुसरं उत्तर सापडेना. शेजारच्या सदस्यांच्या कागदावरही तिथे चारच होता आणि आम्ही एकमेकांशी चकार शब्द बोललो नव्हतो. खाडाखोड केलेला कागद बरा दिसत नाही, म्हणून मी तो आकडा तसाच राहू दिला. तो मुलगा दोन गुणांनी राहिला.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागलेला आहे. समोरच्याच्या कपड्यांच्या रंगावरून आपण त्याच्याविषयी ग्रह करून घेतो हे सगळ्यांनाच माहीत असतं. म्हणून तर आपण मुलांना सांगतो, मुलाखतीला जाताना साधे रंग घाला, भडक नको. हा सल्ला देणाऱ्याला कोणी अडवत नाही आणि घेणाराही निमूट घेतो. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: चुकीचा ग्रह होऊ नये याची काळजी घालणाऱ्याने घ्यायची, बघणाऱ्याने नाही. माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. ज्याच्या हातात दुसऱ्याविषयीचा निर्णय आहे, मग तो परीक्षक असो, पंच असो, न्यायाधीश असो की दारावरचा पहारेकरी, रंगाचा हिशेब आपल्या निर्णयातून बाहेर ठेवण्याची जबाबदारी त्याची आहे.

हा ग्रह आपल्या तोंडच्या भाषेतच मुरलेला आहे. काळा बाजार, काळी यादी, काळं कृत्य. चारित्र्यावर डाग पडतो म्हणजे चारित्र्य पांढरं असतं हे आधीच ठरलेलं. मराठीने तर एका अख्ख्या वर्गाला रंगावरून नाव दिलं, पांढरपेशा. हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यातला पांढरा रंग आता ऐकूही येत नाही. न ऐकू येणाऱ्या शब्दांचा अंमल जास्त असतो असं मला वाटतं.

पण भाषेच्या दाखल्यांवर भागणार नाही. प्रत्यक्ष निर्णय बदलतात का, हे पाहायला हवं, आणि त्यासाठी खेळाचं मैदान सगळ्यात सोयीचं. तिथे नियम लिहिलेले असतात, पंच प्रशिक्षित असतात आणि प्रत्येक शिक्षेची नोंद राहते.

मार्क फ्रँक आणि थॉमस गिलोविच या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी आणि अमेरिकन फुटबॉलच्या १९७० ते १९८६ या काळातल्या नोंदी त्यांनी तपासल्या. काळा गणवेश घालणाऱ्या संघांना शिक्षा जास्त होत होत्या. यावर कोणीही म्हणेल की आडदांड संघच काळा रंग निवडत असतील. पण पिट्सबर्गच्या हॉकी संघाने १९७९-८० च्या हंगामात मध्येच गणवेश बदलला होता, निळ्याचा काळा केला. खेळाडू तेच, हंगाम तोच. आइस हॉकीत शिक्षा म्हणजे खेळाडूला काही मिनिटं मैदानाबाहेर बसवणं. निळ्या गणवेशात सामन्यामागे सरासरी आठ मिनिटांची शिक्षा होत होती, ती काळ्यात बारा मिनिटांवर गेली.

मग त्यांनी अमेरिकन फुटबॉलचे काही डाव मुद्दाम चित्रित करून घेतले. डाव तेच, फक्त बचाव करणारा संघ एकदा पांढऱ्यात आणि एकदा काळ्यात. प्रेक्षकांना आणि अनुभवी पंचांना ते दाखवले. काळ्या कपड्यांतली तीच धडक लोकांना जास्त आक्रमक वाटली, आणि पंचांनाही. मला या अभ्यासात पंचांचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रेक्षक आपल्या मताचा धनी असतो. पंचाला तर तटस्थ राहण्यासाठीच तिथे उभा केलेला असतो.

याच अभ्यासातला आणखी एक धागा अस्वस्थ करणारा आहे. काळा गणवेश अंगावर चढवलेल्या विद्यार्थ्यांच्या गटांनी स्वतःहून जास्त आक्रमक खेळ निवडले. म्हणजे दोष केवळ बघणाऱ्याच्या डोळ्यांत नाही, काही प्रमाणात कपडा घालणाराही त्या रंगाची भूमिका वठवू लागतो. यामुळे काही जण लगेच म्हणतील, 'बघा, ग्रह खराच होता.' मला ते पटत नाही. लोक काळ्याकडून दांडगाईची अपेक्षा ठेवतात, घालणाऱ्याला ती अपेक्षा ठाऊक असते आणि तो तिच्यासारखं वागू लागतो. ग्रहातून वागणूक निघाली आणि त्याच वागणुकीने ग्रहाची खात्री पटवली, असं हे चक्र आहे. ते तोडायचं तर सुरुवात ज्याच्या हातात शिट्टी आहे त्याच्यापासूनच करावी लागेल.

लाल रंगाचंही असंच झालं. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये बॉक्सिंग, तायक्वांदो आणि कुस्तीच्या दोन्ही प्रकारांत खेळाडूंना लाल किंवा निळा रंग चिठ्ठी टाकल्यासारखा मिळत होता, निवडीचा प्रश्न नव्हता. रसेल हिल आणि रॉबर्ट बार्टन यांनी निकाल मोजले तेव्हा लाल रंगातले खेळाडू सुमारे ५५ टक्के लढती जिंकलेले आढळले. याचं कारण खेळाडूत शोधायचं की पंचात? २००८ साली जर्मनीतल्या संशोधकांनी ४२ अनुभवी तायक्वांदो पंचांना लढतींची चित्रफीत दाखवली आणि मग तीच चित्रफीत संगणकावर लाल-निळ्याची अदलाबदल करून पुन्हा दाखवली. ठोसे तेच, लाथा त्याच, पण लाल दिसणाऱ्या खेळाडूला सुमारे १३ टक्के जास्त गुण मिळाले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पुढे जास्त लढतींच्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा लाल रंगाचा हा फायदा बराच क्षीण झालेला दिसला. रंगाविषयीचे असे काही गाजलेले निष्कर्ष पुन्हा तपासताना टिकलेले नाहीत. लाल घाला आणि जिंका, निळा घाला आणि विश्वास कमवा, अशी तयार सूत्रं विकणाऱ्यांवर म्हणूनच मुळीच भरवसा ठेवू नये. पण माझा मुद्दा अमुक रंगाने अमुक टक्के फरक पडतो हा नाहीच. तीच लाथ, तीच धडक रंग बदलल्यावर अनुभवी माणसालाही वेगळी दिसू शकते, एवढंच मला त्यातून घ्यायचं आहे. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकपासून तायक्वांदोत अंगावरच्या चिलखतातच आघात मोजणारी यंत्रणा आली. त्या यंत्राला लाल-निळं कळत नाही.

रंगांचे हे अर्थ निसर्गातून आलेले असावेत, असं आपल्याला मनातून वाटत असतं. काळोखाची भीती, रक्ताचा लाल वगैरे. त्यात थोडं तथ्य असेलही. पण बरेचसे अर्थ माणसांनी ठरवले, आणि तेही फार जुने नाहीत. डॉक्टरचा पांढरा कोट घ्या. त्याच्याकडे पाहून आपल्याला स्वच्छता आणि विश्वास अगदी आपोआप जाणवतो. पण थॉमस इकिन्स या अमेरिकन चित्रकाराने १८७५ मध्ये एका शस्त्रक्रियेचं भव्य चित्र रंगवलं, त्यात शल्यविशारद आणि त्याचे मदतनीस काळ्या कोटात आहेत, हात रक्ताने माखलेले. तेव्हा प्रतिष्ठित डॉक्टर काळ्या कोटातच शोभायचा. त्याच चित्रकाराने १८८९ मध्ये दुसरी शस्त्रक्रिया रंगवली, तिथे शल्यविशारद आणि त्याचे मदतनीस पांढऱ्यात. चौदा वर्षांत डॉक्टरच्या गांभीर्याचा रंग उलटा झाला, कारण मधल्या काळात जंतूंचं ज्ञान शस्त्रक्रियागृहात पोचलं होतं. पुढे पांढऱ्याने प्रखर दिव्यांखाली डोळे दिपू लागले आणि शल्यविशारदांनी हिरवा जवळ केला. लालभडक जखमेवर तासन्‌तास नजर ठेवणाऱ्याला हिरव्याने विसावा मिळतो. डॉक्टर तोच, विद्या तीच.

जांभळ्याची गोष्ट तर थेट ऐपतीची आहे. भूमध्य समुद्राकाठी विशिष्ट समुद्री गोगलगायींपासून हा रंग काढत. पॉल फ्रिडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये बारा हजार गोगलगायी फोडून त्यांतून जेमतेम १.४ ग्रॅम रंग मिळवला. असा रंग राजालाच परवडणार, आणि रोमच्या सम्राटांनी तर तो इतरांना मनाईच करून टाकला. राजाने घातला म्हणून तो रंग रुबाबदार वाटू लागला. मग १८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाला डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांवर प्रयोग करताना जांभळट रंग सापडला आणि काही वर्षांत तो कोणालाही विकत घेता येऊ लागला. मुलींना गुलाबी आणि मुलांना निळा, हे तर अनादि असल्यासारखं आपण मानतो. १९१८ साली अमेरिकेतल्या मुलांच्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने दुकानदारांना बरोबर उलटं सांगितलं होतं: गुलाबी ठसठशीत रंग आहे म्हणून मुलग्यांना, निळा नाजूक म्हणून मुलींना.

या सगळ्यापेक्षा मला एक साधी गोष्ट जास्त बोचते. अंगावरचा रंग आपण समोरच्याच्या स्वभावाचा पुरावा म्हणून वाचतो आणि पुष्कळदा तो त्याच्या परिस्थितीचा असतो. गडद कपड्यांवर मळ दिसत नाही. ज्याला दिवसभर वंगणात, धुळीत, ओझ्याखाली काम करायचं आहे आणि ज्याच्याकडे धुवून वाळायला घालायला दुसरा जोड नाही, तो गडदच घेणार. पांढरा शर्ट दिवसभर पांढरा ठेवायला सावलीतलं काम लागतं, पाणी लागतं, कोणीतरी धुणारं लागतं. म्हणजे आपण ज्याला 'स्वच्छ, नीटनेटका, विश्वासू' म्हणून गुण देतो, ते गुण पुष्कळदा पाण्याला आणि फुरसतीला गेलेले असतात. आणि ज्याच्याकडे बघून 'जरा उग्रच वाटतो' असं म्हणतो, त्याने तो रंग काम बघून घेतलेला असतो. उतरलेल्या किमतीत जे मिळालं ते घेणारे, मोठ्या भावाचं घालणारे, कोणी दिलेलं घालणारे, यांनी रंग निवडलेलाच नसतो. त्या पिवळ्या शर्टाची गोष्ट काय होती, मला कधीच कळलं नाही. कदाचित त्याला तो मनापासून आवडत असेल, आणि तसं असलं तरी माझा चार चूकच होता.

गणवेशाच्या बाबतीत तर निवडीचा प्रश्नच नसतो, रंग मालक ठरवतो. माझ्या कामाच्या जागी एक बाई तीन वर्षं आमचा मजला झाडत असत, फिकट निळ्या अंगरख्यात. एकदा दुसऱ्याच ठिकाणी रांगेत उभी असताना हिरव्या कपड्यांतल्या एका बाईंनी मला नावाने हाक मारली आणि घरच्यांची चौकशी केली. मी हसले, उत्तरं दिली आणि रांग पुढे सरकेपर्यंत मला कळलं नाही की या कोण. त्यांना माझ्या घरी कोण आजारी आहे हे ठाऊक होतं. मला त्यांचा चेहरा ठाऊक नव्हता, फक्त अंगरख्याचा रंग ठाऊक होता. त्या दिवशी घरी आल्यावर मला नीट जेवण गेलं नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. रंग ही भाषाच आहे, माणसं रंगातून काही सांगत असतात. शोक सांगतात, आनंद सांगतात, पक्ष सांगतात, संघ सांगतात. मग बघणाऱ्याने ते वाचलं तर त्याचं काय चुकलं? काही चुकलं नाही. आगीच्या बंबाशेजारी उभा असलेला झगझगीत पट्ट्यांचा माणूस मला ताबडतोब ओळखू यायलाच हवा. तो रंग त्याचं काम सांगतो आणि मी कामच वाचते. पण जे बोललंच गेलेलं नाही तेही आपण ऐकतो, तिथे गडबड होते. पिवळा शर्ट फार तर एवढंच सांगतो की मला पिवळा आवडतो. 'मी उथळ आहे' हे वाक्य माझ्याकडून त्यात घातलं गेलं. सांगितलेलं वाचणं वेगळं आणि आपल्या मनातलं दुसऱ्याच्या अंगावर वाचणं वेगळं, ही सीमा धूसर असेल पण ती आहे.

ती सीमा सत्तेनेच पुसली की काय होतं, हे इतिहासाने दाखवलेलं आहे. इंग्लंडमध्ये १२७५ च्या कायद्याने ज्यूंना पिवळ्या कापडाची खूण कपड्यांवर लावायला भाग पाडलं. नाझी जर्मनीने सप्टेंबर १९४१ मध्ये सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूच्या छातीवर पिवळा तारा लावला. छळछावण्यांत कैद्यांच्या कपड्यांवर त्रिकोण शिवलेले असत: राजकीय कैद्यांना लाल, गुन्हेगार ठरवलेल्यांना हिरवा, समलिंगी पुरुषांना गुलाबी, 'समाजबाह्य' ठरवलेल्यांना काळा. पहारेकऱ्याला त्या माणसाशी बोलण्याची गरज पडू नये म्हणून ही सोय होती. माझ्या गुणपत्रकाची आणि त्या त्रिकोणांची बरोबरी मी करत नाही, तसं करणं त्या माणसांवर अन्याय होईल. पण माणसाशी बोलण्याआधीच त्याचा निकाल लावून मोकळं होण्याची सोय किती पुढे जाऊ शकते, हे माहीत असलेलं बरं.

कायद्याने हा प्रश्न एकदा तरी सरळ हाताळला आहे. अमेरिकेत टेक्सासमध्ये १९७० साली हॅरी ली विल्यम्स नावाच्या आरोपीवर खटला चालला. त्याने तुरुंगातल्या अधिकाऱ्याकडे स्वतःचे साधे कपडे मागितले होते, ते मिळाले नाहीत. कैद्याच्या कपड्यांतच तो ज्यूरीसमोर बसला आणि दोषी ठरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की आरोपीला कैदी म्हणून ओळखू येणाऱ्या कपड्यांत ज्यूरीपुढे उभं राहण्याची सक्ती सरकारला करता येणार नाही. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे तत्त्व कपड्याने आतून पोखरलं जातं, हे त्या न्यायालयाने मान्य केलं. ही फार मोठी कबुली आहे.

पण त्याच निकालात विल्यम्स हरला. कारण खटला चालू असताना त्याने किंवा त्याच्या वकिलाने न्यायाधीशांसमोर हरकत घेतली नव्हती. हरकत नाही म्हणजे सक्ती नाही, असा अर्थ लावला गेला. हा निकाल मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा मला राग येतो. सगळ्या खोलीत ज्याच्या शब्दाला सगळ्यात कमी वजन आहे, त्याच्यावरच बोलण्याचा भार टाकला. न्यायाधीशांना ते कपडे दिसत होते, सरकारी वकिलांना दिसत होते. 'याला आधी कपडे बदलू द्या' हे त्यांच्यापैकी कोणीही म्हणू शकलं असतं.

'मुलाखतीला भडक घालू नकोस' या सल्ल्यात मला हीच रचना दिसते. मी स्वतः तो सल्ला मुलांना देते, कारण उद्याची मुलाखत उद्याच आहे आणि तोवर जग बदलणार नाही. पण तो देऊन आपलं कर्तव्य संपत नाही. आपल्यापैकी कित्येक जण कधी ना कधी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतात, आणि तिथे करण्यासारखं बरंच आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच वाद्यवृंदांनी १९७० नंतर निवडचाचणीत उमेदवार आणि परीक्षक यांच्यामध्ये पडदा लावायला सुरुवात केली. टाचांच्या आवाजावरून स्त्री-पुरुष कळू नये म्हणून काही ठिकाणी गालिचाही अंथरला. परीक्षकांना पूर्वग्रह सोडा असं विनवण्यापेक्षा त्यांच्या डोळ्यांसमोरून उमेदवाराचा कपडाच काढून घेतला.

सगळीकडे पडदा लावता येणार नाही, हे उघड आहे. पण लेखी उत्तरं आधी तपासता येतात आणि माणूस नंतर बोलावता येतो. एकच प्रश्न सगळ्यांना त्याच क्रमाने विचारता येतो. आरोपीला कोर्टात आणण्याआधी कपडे देता येतात आणि तो न मागतादेखील देता येतात. दारावर कोणाला अडवलं आणि का, याची नोंद ठेवता येते, म्हणजे 'संशयास्पद वाटला' एवढं लिहून भागणार नाही. यांतल्या एकाही गोष्टीला मोठा पैसा लागत नाही. फक्त आपली पहिली नजर चुकू शकते हे टेबलाच्या या बाजूला बसलेल्यांनी कबूल करावं लागतं, आणि तेच जड जातं. आपली माणसाची पारख चांगली आहे असं प्रत्येक परीक्षकाला वाटतं. मलाही वाटायचं.

त्या मुलाखतीनंतर पुढच्या वेळी समितीत बसले तेव्हा मी तो पहिला रकाना काढून टाकावा असं लेखी दिलं. नमुना ठरलेला आहे, असं उत्तर आलं. त्यानंतर दोनदा पुन्हा लिहिलं. रकाना अजून छापून येतो. बाकीचे सगळे रकाने भरून होईपर्यंत मी तो कोरा ठेवते आणि शेवटी प्रत्येकाच्या कागदावर तिथे एकच आकडा लिहिते, सगळ्यांना सारखा. एका सदस्यांनी हरकत घेतली की असं केलं तर त्या रकान्याला काही अर्थच उरत नाही. मी त्यांना पिवळ्या शर्टाबद्दल सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पण पुढचा उमेदवार आत येत असताना मी त्यांच्या हाताकडे पाहिलं, तर पेन टेबलावर होतं.